विश्लेषण : अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांच्या हृदयावर कशाचा ताण?

अमेरिकेत २० वर्षांवरील ५९ टक्के कृष्णवर्णीय महिलांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा कोणता ना कोणता विकार आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या या आकडेवारीत उच्च रक्तदाबही धरलेला आहे. ‘मीठ कमी करा, वजन घटवा, टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला या महिलांना वर्षानुवर्षे मिळतो. टेन्शन येते कुठून, हा प्रश्न मात्र दवाखान्यात क्वचितच विचारला जातो.

दोष जनुकांचा आहे का?

सगळा दोष जनुकांवर ढकलता येत नाही. डॉ. रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिका, कॅरेबियन बेटे आणि अमेरिका येथील आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरेबियनमध्ये २६ टक्के, तर अमेरिकेत ३३ टक्के आढळले. वंशाचे मूळ एकच, पण प्रमाण दुप्पट. त्यात वजन आणि मिठाचा वाटा होताच. म्हणजेच आजाराचे मूळ रक्तापेक्षा राहणीमानात आणि परिस्थितीत शोधावे लागते.

‘वेदरिंग’ म्हणजे काय?

ऊन-पाऊस झेलून दगड झिजतो, तसे सततच्या अन्यायाने आणि ओढाताणीने शरीर अकाली झिजते, असा सिद्धांत संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडला. त्यालाच ‘वेदरिंग’ म्हणतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा निकषांवर ही झीज मोजणारा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय महिलांमध्येही ती गरीब गोऱ्या महिलांपेक्षा जास्त दिसली. चांगला पगार मिळाला म्हणून ही झीज थांबत नाही, हे त्यातून दिसते.

ताण हृदयापर्यंत कसा पोहोचतो?

धोका जाणवताच शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धोका टळला की सारे पूर्ववत होते. तो रोजचाच असेल तर शरीराला उसंत मिळत नाही. झोप बिघडते, साखर आणि रक्तदाब वाढतो. बोस्टन विद्यापीठाच्या ‘ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी’त १९९५ पासून सुमारे ५९ हजार महिलांचा मागोवा घेतला जात आहे. नोकरी, घर आणि पोलीस या तिन्ही ठिकाणी वंशभेद अनुभवल्याचे सांगणाऱ्या महिलांमध्ये हृदयधमनीविकाराचा धोका २६ टक्के अधिक आढळला. असा अभ्यास संबंध दाखवतो, थेट कारण सिद्ध करत नाही; पण इशारा स्पष्ट आहे.

‘खंबीर’ असण्याचे कौतुक घातक का?

शेरिल वूड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये ‘सुपरवुमन स्कीमा’ ही संकल्पना मांडली. खंबीर दिसायचे, भावना दाबायच्या, मदत मागायची नाही, आधी सगळ्यांचे करायचे आणि मग जमल्यास स्वतःचे. या वृत्तीने कृष्णवर्णीय महिलांना कठीण काळात तगवले. पण तपासणी पुढे ढकलण्याची सवयही लावली. धाप, जबडा वा पाठदुखी, मळमळ, विलक्षण थकवा ही महिलांमधील हृदयविकाराची लक्षणे ‘दगदग झाली असेल’ म्हणून अंगावर काढली जातात.

कशाने फरक पडतो?

घरी नियमित रक्तदाब मोजणे, औषधे मध्येच न सोडणे, पुरेशी झोप आणि चालणे यांचा उपयोग होतोच. २०१० मध्ये सुरू झालेली ‘गर्लट्रेक’ ही संस्था कृष्णवर्णीय महिलांना रोज अर्धा तास चालायला प्रवृत्त करते. तिथे व्यायामाइतकीच सोबतही महत्त्वाची. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या महिलेला पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो. त्यामुळे प्रसूतीनंतरची तपासणी टाळता कामा नये.

जबाबदारी एकट्या महिलेची का?

२०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होते. ही दरी ध्यानधारणेचे अ‍ॅप भरून काढणार नाही. प्रसूतीनंतर ६० दिवसांत संपणारे मेडिकेडचे संरक्षण वर्षभर देण्याचा पर्याय २०२२ पासून राज्यांना मिळाला आणि बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. अशा निर्णयांनी उपचार महिलेपर्यंत पोहोचतात. हृदयस्वास्थ्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आठ निकषांत झोप आली, ताण मात्र नाही. मानसिक स्वास्थ्य हा त्या निकषांचा पाया असल्याचे संघटनेनेही मान्य केले आहे. मग तपासणीत रक्तदाबाबरोबर कामाचे तास, घरातील जबाबदाऱ्या आणि अपमानाचे अनुभव यांचीही विचारपूस व्हायला हवी. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणे सोपे आहे; ते देणारी परिस्थिती बदलणे हे धोरणकर्त्यांचे, मालकांचे आणि डॉक्टरांचे काम आहे.