दोन एअरलाइन्स एक झाल्या, पण पायलटांच्या यादीत वर कोण?

एक एअरलाइन दुसरीला विकत घेते तेव्हा चर्चा होते ती नव्या लोगोची आणि तिकिटांच्या दरांची. पण दोन्हीकडच्या पायलटांची एकच यादी करायला कधीकधी दहा वर्षंही लागतात. असं का होतं, समजून घेऊया.

या यादीत एवढं काय आहे?

बहुतेक मोठ्या एअरलाइन्समध्ये पायलटांची सीनियॉरिटी लिस्ट असते. को-पायलट कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कोणाला मिळणार, सणाला सुट्टी कोणाला, हे बरंचसं त्या नंबरवर ठरतं. अमेरिकेत तर कपातीच्या वेळी यादीतल्या तळाच्या लोकांनाच आधी घरी बसवतात. कंपनी बदलली की पुन्हा शेवटच्या नंबरपासून सुरुवात. म्हणजे हा नंबर हीच पायलटची आयुष्यभराची कमाई.

मग दोन याद्या जोडायच्या कशा?

सोपं उत्तर म्हणजे जो आधी रुजू झाला, तो वर. पण समजा, एका जुन्या, डबघाईला आलेल्या कंपनीत 15 वर्षं काढलेला माणूस अजून को-पायलटच आहे. दुसरी कंपनी वेगाने वाढतेय, तिथे पाच वर्षांत कॅप्टन होता येतं. तारीख बघितली तर हा कॅप्टन त्या को-पायलटच्याही खाली जातो.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या यादीत जो मध्यावर होता, तो नव्या यादीतही मध्यावर. पण मग पहिल्याच्या 15 वर्षांचं काय? दोघांचंही म्हणणं खरं आहे. पेच इथेच आहे.

अमेरिकेतली दोन उदाहरणं

2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. 2007 मध्ये लवादाने यूएस एअरवेजच्या सुमारे 500 ज्येष्ठ पायलटांना सगळ्यात वर ठेवलं, कपातीत घरी बसलेल्यांना तळाला टाकलं आणि उरलेल्यांची सरमिसळ केली. यूएस एअरवेजचे पायलट भडकले. संख्येने ते जास्त होते. 2008 मध्ये त्यांनी जुनी युनियनच मतदानाने हटवली. कंपनी एक, पण पायलटांचे दोन गट वेगवेगळे उडत राहिले. पुढे ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि अंतिम यादी आली थेट 2016 मध्ये.

2008 मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एकत्र आल्या. वाद तोच होता. नॉर्थवेस्टच्या पायलटांना तारीख हवी होती, डेल्टाच्या पायलटांना यादीतलं स्थान. पण वाद कोण आणि कसा सोडवणार, हे आधीच ठरलं होतं. ऑक्टोबरअखेर व्यवहार झाला, डिसेंबरमध्ये लवादाची यादी तयार! काही मोठ्या विमानांवर ठरावीक वर्षं त्या त्या जुन्या गटाचाच हक्क राहील, अशी सोयही ठेवली गेली.

आपल्याकडे काय झालं?

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, त्या कागदावर. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान पगारासाठी संप केला. 2012 मध्ये त्यांनाही ड्रीमलायनरचं ट्रेनिंग देण्याच्या निर्णयावरून एअर इंडियाच्या मूळ पायलटांचा संप 58 दिवस चालला. प्रवाशांचे हाल झाले ते वेगळेच.

विस्तारा एअर इंडियात विलीन झाली 12 नोव्हेंबर 2024 ला. त्याआधीच एप्रिलमध्ये नव्या पगाररचनेवरून पायलट नाराज झाले. 70 तासांऐवजी 40 तासांच्या उड्डाणाचाच पगार निश्चित राहणार होता. त्या काळात अनेक फ्लाइट्स रद्द झाल्या.

मुद्दा काय?

सगळ्यांना खूश करणारी यादी होऊच शकत नाही. डेल्टातही सगळे खूश नव्हते, पण निकाल सगळ्यांनी मानला, कारण खेळाचे नियम खेळ सुरू होण्याआधी ठरले होते. अमेरिकेत 2007 पासून कायदाच आहे: याद्या न्याय्य पद्धतीने जोडा, जमलं नाही तर लवादाकडे जा. पायलटांच्या याद्यांसाठी असा खास कायदा भारतात नाही. आपल्याकडे एअरलाइन्स कमी होत चालल्यात, विलीनीकरणं होतायत. मग प्रत्येक वेळी हा वाद नव्याने, प्रवाशांना वेठीला धरूनच सोडवायचा का?