हळदीकुंकवाच्या उंबरठ्यावर

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस हळदीकुंकवाचे. घरोघरी वाण लुटले जाते, तिळगूळ हाती पडतो. आणि त्याच वेळी त्याच घरातील एखादी माउली स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते. तिला ‘बाहेर या’ असे कोणी म्हणावयाचे, हा प्रश्न आम्ही आज सुज्ञ भगिनींपुढे ठेवू इच्छितो.

आमच्या आजीच्या पिढीने केशवपन आणि आलवण पाहिले व दैव म्हणून सोसले. आईच्या पिढीने आलवण टाकले, मुली शिकविल्या. परंतु आमंत्रणातून विधवेला वगळण्याची रीत तशीच ठेवली. आजच्या सुना ती रीत मोडू पाहतात. आणि नाती? कीर्तन संपल्यावर त्या आम्हांस सरळ विचारतात, की स्त्रीचे मांगल्य पतीच्या आयुष्यावर मोजावयाचेच कशासाठी? विधुराच्या कपाळीचे गंध कोणी पुसल्याचे ऐकिवात नाही! या प्रश्नाला उद्धटपणा म्हणून झिडकारणे सोपे आहे. शास्त्राधाराने त्याचे उत्तर देणे मात्र अवघड.

‘सुवासिनी’ हाच शब्द घ्या. मराठीत तो सौभाग्यवतीपुरता उरला आहे. संस्कृत कोशांत मात्र पित्याच्या घरी राहणारी स्त्री, मग ती विवाहित असो वा अविवाहित, असाही त्याचा अर्थ दिलेला आढळतो. म्हणजे आपली माहेरवाशीणच की! पती निवर्तला म्हणून लेकीचे लेकपण संपते काय? हळदीकुंकू हा लोकाचार आहे, श्रुतीची आज्ञा नव्हे.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊंना वैधव्य येऊन दहा वर्षे झाली होती. त्यांचा आशीर्वाद कोणी अशुभ मानला नाही. अहिल्यादेवी १७५४ मध्ये विधवा झाल्या आणि पुढे १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनीच पुन्हा उभारले. त्या विश्वनाथापुढे आपण हात जोडतो आणि शेजारच्या काकूंच्या हातचा तिळगूळ घेताना अडखळतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. स्तुत्य गोष्ट! पण माजघरात ग्रामपंचायतीचे काय चालणार? तेथे अधिकार सासूबाईंचा.

मात्र सुनांनाही एक सांगणे आहे. सत्तरीची एखादी काकू ‘कुंकू नको’ म्हणाली, तर तिच्यावर सुधारणा लादू नये. तिने ते व्रतासारखे जपले आहे. तिच्या नकारात तिचे अर्धे आयुष्य आहे. तिला वाण द्यावे, तिळगूळ द्यावा, आणि ती मान हलवील तेथे थांबावे. विचारावे मात्र अवश्य; तेही चार बायकांदेखत नव्हे, तर आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन, जसे इतरांना बोलवावयास जातो तसेच.