बुद्धीचं टॉनिक मागू नका, मुलांना झोपू द्या

"डॉक्टर, याला बुद्धीचं काहीतरी टॉनिक द्या. वाचलेलं लक्षातच राहत नाही."

सोबत बारावीचा मुलगा. डोकेदुखी, पित्त, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं नॉर्मल. मी विचारतो, "झोपतोस किती वाजता?" "एक." "उठतोस?" "साडेपाचला. सातला क्लास असतो."

असे पेशंट मला दर आठवड्याला दिसतात. हा आजार नाही, ही तुम्ही फी भरून विकत घेतलेली जागरणं आहेत.

१३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. शिवाय या वयात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. मुलांना रात्री लवकर झोप येत नाही तो आळस नव्हे, शरीरधर्म आहे. आणि दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते बऱ्याच अंशी झोपेतच. तीच कापून अभ्यासाचे तास वाढवायचे म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. त्यात संध्याकाळी सातला कॉफी घेतली, तर तिच्यातलं जवळपास निम्मं कॅफिन मध्यरात्रीही शरीरात असतं.

नीटचा पेपर कधी असतो? दुपारी २ ते ५. १८० प्रश्न, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. मग वर्षभर रात्री दोनला जागायची आणि दुपारी दोनला पेंगायची सवय कशाला लावता?

"दोनच वर्षांचा प्रश्न आहे डॉक्टर," असं वडील सांगतात. बारावीला मीही जागलो आहे. पण तेव्हा परीक्षेच्या आधी महिनाभर जागायचो, आठवीच्या फाउंडेशन बॅचपासून नव्हे!

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवणी नको. आता तुमच्या मुलाचं वेळापत्रक काढून बघा. कॉलेजात नुसतं नाव, हजेरी कागदावर, हेही तुम्हाला माहीत असतं. क्लासवाल्यांना शिव्या देऊन मोकळे होऊ नका, प्रवेशाच्या फॉर्मवर सही तुमचीच असते.

आजपासून रात्री अकराला दिवा बंद, मोबाइल हॉलमध्ये. सातच्या क्लासऐवजी उशिराची बॅच मागा, मिळत नसेल तर क्लास बदला. त्याने काही बुडत नाही.

आणि मूल जेवत नसेल, बोलत नसेल, अंथरुणात पडूनही टक्क जागं असेल किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल, तर निकालापर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. रात्र असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.