झाकल्या वायरी सव्वा लाखाच्या?

मंडळी, आजचा विषय आहे घरातल्या वायरी. हसू नका, भांडायच्या मूडमधे लिहितोय :)

घर आवरण्याचा कुठलाही व्हिडिओ बघा, टीव्हीमागचा वायरींचा गुंता 'गायब' करायचा उपाय त्यात हमखास असतो. वायरी गुंडाळा, रबर लावा, एक्स्टेन्शन बोर्डासकट सगळं एका गोंडस खोक्यात कोंबा, वर झाकण, झाकणावर मनीप्लांट. झालं आवरून! माझं म्हणणं असं, की हे आवरणं नाही, दडवणं आहे. आणि वीज ही दडवायची गोष्ट नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेली वायर नव्हे.

जरा गणित करू. आपला लहान पिनांचा साधा प्लग ६ अँपिअरचा, व्होल्टेज २३०. गुणाकार १३८० वॅट. अशा प्लगवर चालणाऱ्या अख्ख्या बोर्डाची मिळून ही मर्यादा, प्रत्येक सॉकेटची नव्हे. फोनचे चार्जर, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांचं ओझं किरकोळ. पण त्याच बोर्डावर हजार वॅटची इस्त्री आणि तेवढाच हेअर ड्रायर एकदम लागले, की संपलं. वायर तापते. मोकळी असेल तर उष्णता हवेत जाते. वेटोळं करून सतरंजीखाली किंवा खोक्यात कोंबली असेल तर ती तिथेच साचते आणि वरचं प्लास्टिक वितळू लागतं. मोकळी वायर दिसायला वाईट, मान्य. पण काळी पडली तर निदान दिसते तरी!

बरं, या गुंत्याचा दोष कुणाला? घरातल्या बाईला. "अगं, किती या वायरी!" (नातेवाईकहो, वाचताय ना?) खरे दोषी वेगळेच आहेत.

पहिले, घरं बांधणारे. माहितीपत्रकात इटालियन मार्बलचे गोडवे, आणि दिवाणखान्यात प्लग पॉइंट किती याबद्दल सहसा अवाक्षर नाही. टीव्हीमागे दोन, पलंगाशी एक, बाकी एक्स्टेन्शनच्या भरवशावर. प्लास्टरच्या आधी चार पॉइंट जास्त घेणं सोपं असतं. नंतर झिऱ्या पाडा, पाइप टाका, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग..

दुसरे, कंपन्या. जाड पिन, बारीक पिन, चपटी पिन. प्रत्येकाची चूल वेगळी. शेवटी युरोपियन युनियनने २०२२ मधे कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅब्लेट, कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचं झालं. आयफोन १५ तर सप्टेंबर २०२३ मधेच टाइप-सी घेऊन आला. म्हणजे जमत होतं! इतकी वर्षं जमवायचं नव्हतं, आणि ड्रॉवर आपले भरत राहिले.

'वायरलेस चार्जर घ्या' म्हणणाऱ्यांनी त्या चकतीच्या मागे बघावं. तिथूनही एक वायर निघते, शिवाय थोडी वीज उष्णतेत वाया जाते ती वेगळीच.

तेव्हा वायरी लपवू नका, कमी करा. टाइप-सीच्या सगळ्या वस्तूंना मिळून दोन-तीन चांगले चार्जर पुरतात. ज्या चार्जरची वस्तूच घरात उरली नाही, तो ई-कचऱ्यात द्या. 'असू दे, कधीतरी लागेल' ही सबब पुरे. इस्त्री आणि हीटर थेट भिंतीतल्या पॉइंटला लावा, हीटर मोठ्या १६ अँपिअरच्या. आजी-आजोबांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर एकही वायर नको, पडून हाड मोडलं तर खोक्यावरचा मनीप्लांट कामाला येणार नाही. आणि नवं घर घेत असाल तर फरशीच्या रंगाआधी पॉइंट मोजा.

बाकी त्या गोंडस खोक्याचे पैसे वाचतील, ते इलेक्ट्रिशियनला द्या. भिंतीत एक पॉइंट वाढवून मिळेल.