पार्टी रेडी आहे!

लालबाग-परळमधल्या एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढून बघा. मीटरच्या खोक्यांशेजारी सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण असतं, गणपतीच्या वर्गणीची नोटीस असते आणि मधोमध तळहाताएवढं स्टिकर असतं. ‘रूम घेणार. रोख पैसे. आठ दिवसांत व्यवहार.’ खाली मोबाइल नंबर. गिरगावात ठाकूरद्वारला तेच, दादरला नायगावच्या बाजूला तेच. फोन लावलात की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, ‘पार्टी रेडी आहे, बोला!’

ही ‘पार्टी’ म्हणजे सॉलिड प्रकरण आहे. तिला नाव नसतं, चेहरा नसतो. ती खोली नीट बघतही नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, संडास कॉमन आहे की आत, हे प्रश्न तिला पडतच नाहीत. कारण तिला तिथे राहायचंच नसतं. मग ती नेमकं काय विकत घेते?

आपल्या पिढीला हे माहीत असायला हवं, कारण या खोल्या आता आपल्या हातात येतायत. आजोबा गिरणीत, वडील बँकेत किंवा बेस्टमध्ये आणि आपण लोअर परळच्या काचेच्या इमारतीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली मात्र तशीच राहिली. पोटमाळा, मोरी, लोखंडी खाट आणि ट्रंकेच्या तळाशी भाडेपावत्यांचं पुडकं. आपण कांदिवलीला किंवा डोंबिवलीला ईएमआय भरतोय आणि खोलीत आई एकटी आहे, असं चित्र घरोघरी दिसतं. अशात कुणीतरी भाऊ, काका नाहीतर मेव्हणा स्टिकरवरचा नंबर फिरवतो.

तर आधी फंडा क्लिअर करू. पागडीची खोली आपल्या मालकीची नसते. मालकी घरमालकाची आणि आपला असतो तो भाडेहक्क. १९४७च्या भाडे कायद्याखाली पागडी घेणं हा गुन्हा होता, तरी अख्खं शहर ती घेत-देत होतं. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि भाडेहक्क दुसऱ्याला देताना पैसे घेणं कायदेशीर ठरलं. मालकाची संमती मात्र लागतेच आणि त्या संमतीचा भाव साधारण एक तृतीयांश. हा आकडा कायद्यात कुठेही लिहिलेला नाही, रूढीने पडलाय. म्हणजे त्यावर मालकाशी बोलता येतं. बहुतेक जण बोलत नाहीत, हा भाग वेगळा.

आता पार्टीचं गणित बघा. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या या जुन्या इमारती बऱ्याचशा ‘उपकरप्राप्त’ आहेत, म्हणजे दुरुस्तीसाठी तिथले लोक सरकारला सेस भरतात. १९६९ साली अशा १९,६४२ इमारती होत्या. अशा इमारतीचा पुनर्विकास होतो तेव्हा निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मालकीहक्काने मिळतं. अट अशी, की भाडेदारी १३ जून १९९६च्या आधीपासूनची हवी. त्यानंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी धरली जात नाही. म्हणजे ट्रंकेतल्या जुन्या पावत्यांचं मोल आता कळलं ना? पार्टी खोली घेत नाही. ती पावतीवरची तारीख घेते. आणि बिल्डर येईपर्यंत पाच, दहा, पंधरा वर्षं थांबण्याची तिची ऐपत असते.

मग रोख का? कारण पागडीच्या खोलीवर बँका सहसा होमलोन देत नाहीत. मालकीच नाही, तर गहाण काय ठेवणार? त्यामुळे तुमच्या-माझ्यासारखा पगारदार माणूस अशी खोली घेऊच शकत नाही. उरतात फक्त ज्यांच्याकडे एकरकमी पैसा तयार आहे ते. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. त्यात तुम्ही म्हणालात, ‘जरा लवकर हवेत हो,’ की भाव आणखी उतरला. समोरच्याने तुमची खोली जोखलेली नसते, तुमची घाई जोखलेली असते.

अमेरिकेतही रस्त्याकडेला ‘आम्ही घरं विकत घेतो’ अशा पाट्या असतात. तिथेही घाईतल्या माणसाला पडत्या भावात ऑफर मिळते. फरक एवढाच, की तिथे ‘कॅश’ म्हणजे कर्ज न काढता बँकेतून दिलेले पैसे. आपल्याकडे कॅश म्हणजे खरोखरची पिशवी.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे सगळं जवळून बघितलं. लालबागची खोली, वडील गेलेले, आई तिथेच. धाकट्या भावाला धंद्यासाठी भांडवल हवं होतं. एजंटाने ऑफर आणली आणि मैत्रिणीने मला बोलावलं, ‘तू पत्रकार आहेस, जरा बस ना आमच्यासोबत.’ एजंट गोड माणूस. ‘ताई, टेन्शनच नाही. कागदावर थोडे दाखवू, बाकीचे हातात. मालकाचं मी बघतो. फक्त रविवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर पार्टी दुसरी रूम बघेल.’

मी वहीत सरळ हिशेब मांडला. समजा, सौदा ९० लाखांचा. मालकाचे ३० गेले. उरले ६०. भाऊ, बहीण आणि आई असे तीन वाटे धरले तर प्रत्येकी २०. दलाली वेगळी. भाऊ खूश होता, कारण त्याच्या डोक्यात ९० घोळत होते. मैत्रीण गप्प झाली. २० लाखांत आईने कुठे जायचं? बदलापूरला? तिची औषधं केईएमला, भाजी लालबाग मार्केटला, भजनी मंडळ खालच्या मजल्यावर.

आई इतका वेळ मोरीपाशी चहाचे कप विसळत होत्या. मी विचारलं, ‘काकू, तुम्हाला काय वाटतं?’ पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘मला कुठे कुणी विचारलं?’ आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. भावाने मान खाली घातली.

गंमत म्हणजे कायद्यात मात्र त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. भाडेकरू वारला की भाडेहक्क आधी जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. म्हणजे वडिलांनंतर त्या खोलीत नांदणारी आई हीच पहिली माणूस. बाहेर घर करून राहणारी मुलं नंतर. आपण ‘वडिलांची खोली, आमचे वाटे’ म्हणत बसतो आणि आईला ‘कुठेतरी सोय करू’मध्ये टाकून मोकळे होतो.

दुसरा मुद्दा पिशवीचा. त्यात रोमान्स काही नाही, रिस्क मात्र भरपूर आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून तर कुठल्याही एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. आणि ‘घेणं’ हा शब्द नीट वाचा. दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही आणि दंडाची रक्कम जेवढे घेतले तेवढीच. म्हणजे पार्टी सुटली आणि सापडला कोण, तर खोली विकणारा.

बरं, पिशवीतल्या पैशांचं करायचं काय? डोंबिवलीला नवा फ्लॅट बुक करायचा तर बिल्डरला चेक हवा, बँकेला मार्जिन मनीचा हिशेब हवा. भाडेहक्क विकून झालेल्या नफ्यावर करही लागतो. पैसे बँकेतून आले असतील तर ते नव्या घरात गुंतवून कायद्यातली सवलत मागता येते. कपाटातल्या नोटांवर कसली सवलत? ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री अशा कितीतरी कपाटांपुढे लोक डोक्याला हात लावून बसले होते. मे २०२३मध्ये दोन हजारांच्या नोटा मागे घेतल्या गेल्या तेव्हा पुन्हा तीच धावपळ.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण रोख पार्टीला हो म्हणणारे सगळे काही खुळे नसतात. पुनर्विकास होईलच याची गॅरंटी कुणी देत नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी घरं रिकामी केल्यानंतर वर्षानुवर्षं भाड्याच्या जागेत काढली, हे सगळ्यांनी वाचलंय. म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात आपल्या इमारतीचं नाव आलं की संक्रमण शिबिराच्या कल्पनेनेच झोप उडते. घरात कुणी टाटाला ॲडमिट असेल तर ‘दहा वर्षांनी ३०० चौरस फूट’ हे ऐकायला कान कुणाचे रिकामे आहेत? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्या आज्यांनी उगाच सांगितलेलं नाही. उलट, १४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. तिथली जमीन सरकारी, योजना वेगळी. पण त्या दिवसानंतर आसपासच्या चाळींमधल्या पार्ट्या आणखी ‘रेडी’ झाल्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. गिरगावातही तेच. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ गिरगावातून कफ परेडपर्यंत धावू लागली. स्टेशन दारात आलं की खोलीचा भाव पार्टीला आपल्याआधी कळतो.

म्हणून विकावं की विकू नये, हा प्रश्न नाहीच. प्रश्न एवढाच, की घाई नक्की कुणाची आहे? हॉस्पिटलचं बिल असेल तर घाई तुमची, मान्य. पण ‘रविवारपर्यंत सांगा’ ही घाई एजंटाची असते. ‘तेजी आहे तोवर टाक’ ही घाई शेअर मार्केटमध्ये हात पोळलेल्या मेव्हण्याची असते. आपली नसलेली घाई अंगावर घ्यायची आणि तिची किंमतही आपणच मोजायची, हा कुठला न्याय?

माझ्या मैत्रिणीने रविवारी एजंटाला फोन केला नाही. बस, एवढंच केलं. मग भावाने मालकाला स्वतः जाऊन भेटून तिसऱ्या हिश्श्याबद्दल विचारलं. मालक थोडे खाली आले. आणि महिन्याभराने भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं, दोन खोल्या एक करायच्या होत्या, निवृत्तीचे पैसे बँकेत होते. राहायला घेणारा माणूस पार्टीसारखी दहा वर्षांची कसर भावातून कापत नाही. ऑफर एजंटापेक्षा बरी आणि सगळी चेकने. आपला सगळ्यात चांगला गिऱ्हाईक बरेचदा भिंतीपलीकडे असतो आणि आपण नंबर मात्र जिन्यातला फिरवतो.

तरीही त्या घराने विकलं नाही, निदान आत्ता तरी. काकू म्हणाल्या, ‘मी आहे तोवर राहू दे. नंतर तुम्ही दोघं बघा, पण भांडू नका.’ भावाने बँकेकडे छोट्या कर्जासाठी अर्ज केलाय. त्याचं काय होईल ते होईल. दुसऱ्या एखाद्या घरात उत्तर वेगळं निघेल आणि तेही बरोबर असेल. फक्त ते शोधायला आठ दिवस कमी पडतात.

तेव्हा दोस्तांनो, येत्या शनिवारी घरी गेलात की तीन कामं करा. ट्रंकेतल्या भाडेपावत्या बाहेर काढून त्यांच्या झेरॉक्स काढा आणि पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. इमारतीचा सेस भरला जातो का, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का, हे मालकाला किंवा चाळ कमिटीला विचारा. आणि तिसरं, खोलीत जे माणूस राहतं त्याच्यासमोर चहा घेऊन बसा आणि विचारा, ‘तुला काय हवंय?’

पार्टी काय, रेडीच आहे. तिला थांबवून ठेवा. थांबणं हाच तर तिचा धंदा आहे!