सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा विमा कोण काढणार?

१९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातील शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा मुद्दा आपण शिबिरांत, अभ्यासवर्गांत नेहमी मांडतो. त्याच यादीतल्या विम्याच्या कलमाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट म्हटले आहे. कारणेही दिली आहेत. एक, खाजगी कंपनीपेक्षा सरकारचा शब्द गरिबासाठी अधिक भरवशाचा. दोन, विम्यातून जमा होणारा पैसा देशाच्या नियोजनासाठी वापरता येईल. म्हणजे बाबासाहेबांच्या दृष्टीने विमा हा पैसेवाल्यांचा शौक नव्हता, तो नागरिकाचा हक्क आणि राज्याची जबाबदारी होती.

पुढे काय झाले? १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ पासून सामान्य विम्याचेही. २००० नंतर दारे पुन्हा खाजगी कंपन्यांना उघडली गेली. आज पीक विम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार भरते, आणि तो पैसा विमा कंपन्यांकडे जातो. पैसा जनतेचा, धंदा कंपनीचा. हे आपल्याला माहीत आहे, त्यावर आपण बोलतोही. मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. या सगळ्या व्यवहारात आपली वस्ती नेमकी कुठे आहे?

ग्रामीण विम्याचा सगळा डोलारा सातबाऱ्यावर उभा आहे. नाव सातबाऱ्यावर असेल तर पीक विमा. नाव सातबाऱ्यावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख, आणि तेही खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरते. त्याच शेतात, त्याच विहिरीवर, त्याच ट्रॅक्टरखाली मजूर मेला तर या योजनेत त्याच्यासाठी रकाना नाही. मृत्यू एकच, शेत एकच. फरक फक्त कागदाचा. आणि कागद कोणाकडे आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाट खात्यांपैकी अनुसूचित जातींची खाती जेमतेम १२ टक्के आणि क्षेत्र ९ टक्क्यांहूनही कमी. सरासरी खाते पाऊण हेक्टरच्या आसपास. गावगाड्याने ज्यांना जमिनीपासून तोडले, त्यांना आता जमीन नाही म्हणून विम्यापासूनही तोडले जाते. याला योगायोग म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

बटईने शेती करणाऱ्याची गोष्ट पाहा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळाला, बटईदाराला भाग घेता येतो असे कागदावर लिहिले आहे. अट एवढीच की नोंदणीकृत भाडेकरार हवा. आता कोणता जमीनमालक आपल्या बटईदाराला नोंदणीकृत करार करून देईल? कूळ कायद्याची धास्ती दोन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. तोंडी बोलीवर बियाणे आपले, घाम आपला, आणि पीक बुडाले की भरपाई मालकाच्या खात्यात. माझ्या कामाच्या गावांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की बटईदार आता विम्याबद्दल विचारायचेसुद्धा सोडून देतात.

गायरानाचे तर विचारूच नका. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या वारशातूनच १९९१ चा शासन निर्णय आला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा. कितीतरी गावांत तो निर्णय अजून तलाठ्याच्या कपाटाबाहेर आलेला नाही. तीस-पस्तीस वर्षे कसलेल्या जमिनीवर आपला माणूस आजही अतिक्रमणदार, त्यामुळे त्याचा पीक विमा नाही. आणि गंमत अशी की २०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात पीक विमा दिला, तेव्हा सरकारी जमिनी आणि देवस्थानांच्या जमिनी दाखवून बोगस अर्ज भरल्याचे उघड झाले. सरकारी जमिनीवर खरोखर राबणाऱ्याला विमा नाही, तिचा नुसता गट नंबर माहीत असलेल्याला आहे! या बोगसगिरीचे कारण पुढे करून २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच बंद झाली. शिक्षा कोणाला झाली हे सांगायला नको.

ज्यांच्या नावावर एक-दोन एकर आहे त्यांनी तरी निश्चिंत राहावे का? इथे योजनेचे गणित समजून घेणे भाग आहे. खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी व फळपिकांना ५ टक्के. हेक्टरी ५० हजार रक्कम धरली तर सोयाबीनला हजार रुपये. हप्ता जड नाही. मेख भरपाईत आहे. ती तुमच्या शेतावर ठरत नाही, महसूल मंडळावर ठरते. मागच्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आहे, तर उंबरठा ८.४. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत यंदा ६.३ निघाले तर तूट २५ टक्के, भरपाई साडेबारा हजार. पण मंडळात ९ क्विंटल निघाले आणि तुमच्या शेतात शून्य, तर तुम्हाला शून्य.

मंडळात कोणाची जमीन काळी, पाण्याखालची? आणि कोणाची माळाची, खडकाची, ओढ्याच्या काठची? सरासरी काढली की बागायतदाराचे पीक आपल्या माळावरचे नुकसान झाकून टाकते. यावर आधी थोडा उतारा होता. पूर, गारपीट झाली की ७२ तासांत कळवायचे आणि वैयक्तिक पंचनामा व्हायचा. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात ही जोड-संरक्षणे काढून टाकली, आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात, सोलापुरात नद्यांनी शेते मातीसकट नेली. म्हणून दरवर्षी अर्ज भरण्यापूर्वी कृषी सहायकाला एकच प्रश्न विचारा: यंदा माझ्या एकट्याच्या शेताचे नुकसान धरले जाणार आहे की फक्त मंडळाची सरासरी? उत्तर दरवर्षी बदलू शकते. सरासरीच असेल तरी हजार रुपयांसाठी विमा सोडू नका, पण फक्त त्याच्या भरवशावर वर्ष काढू नका.

आपल्या काही तरुण मित्रांचे म्हणणे असते की विमा म्हणजे कंपन्यांची लूट, त्यात पडूच नये. राजकीय टीका म्हणून मला हे मान्य आहे. पण बहिष्काराचा सल्ला देणारा बहुतेक वेळा नोकरदार असतो, त्याच्या खिशात कार्यालयाचे मेडिकल कार्ड असते. वस्तीतल्या विधवेला हा सल्ला परवडत नाही. लढाई होईपर्यंत घर तर चालले पाहिजे.

मग कमी पैशांत कोणता विमा आधी? माझे मत स्पष्ट आहे: आधी कमावत्या माणसाचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूला २ लाख देतो. जीवनज्योतीचा हप्ता ४३६ रुपये, वय १८ ते ५०, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख (नवीन सहभागाच्या पहिल्या ३० दिवसांत मात्र फक्त अपघाती). यांना सातबारा लागत नाही, बँक खाते लागते. तरीही वस्तीत दावे बुडतात, आणि ते मुख्यतः दोन ठिकाणी. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसतात, हप्ता कापला जात नाही, १ जूनपासून विमा संपतो आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. दुसरे, साप चावून माणूस गेला की शवविच्छेदन नको म्हणून प्रेत घरी आणतात आणि अंत्यविधी उरकतात. दुःखात माणसाला कागद सुचत नाही हे खरे. म्हणून ते काम कार्यकर्त्याचे आहे. सर्पदंशाला रुग्णालयाची नोंद हवी, इतर अपघातांना बहुधा पोलिसांचा पंचनामा. अंत्ययात्रेला जाणाऱ्यांपैकी एकाने आधी दवाखान्यात जावे.

या ४५६ रुपयांच्या आधी गावात एजंट पोहोचलेला असतो. तो मनीबॅक विकतो, कारण त्यात त्याचे कमिशन आहे. बचत गटातल्या बाया दोन वर्षे हप्ते भरतात, तिसऱ्या वर्षी ऊसतोडीला जातात आणि पॉलिसी बंद पडते. बचत वेगळी, विमा वेगळा. ही दोन कामे एकाच कागदावर करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

जनावर असेल तर त्याचा विमा घराच्याही आधी. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाचा हिस्सा १५ टक्के केला आहे, आणि शेळ्या-मेंढ्याही त्यात बसतात. कानातला बिल्ला शाबूत ठेवा, पडला तर लगेच कळवा. बिल्ला नाही तर दावा नाही.

घराच्या बाबतीत आपण सरकारी मदतीवर विसंबून असतो. आपत्तीच्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४ हजार, झोपडीला ८ हजार. त्यातही घर अधिकृत असावे ही अट आहे, म्हणजे गायरानावरचे घर पुन्हा पंचनामा करणाऱ्याच्या मर्जीवर. २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी ठेवावी लागते. आग, पूर, वादळ, वीज, भूकंप यांच्याबरोबर दंगल आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस त्यात येते. ही शेवटची दोन कारणे आपल्यासाठी किती खरी आहेत हे खैरलांजीपासून भीमा कोरेगावपर्यंत सर्वांनी पाहिले आहे. जागेचा कागद नसेल तर इमारतीच्या दाव्यात खोट काढली जाऊ शकते; तिथे निदान घरातल्या सामानाचा वेगळा विमा मिळतो का ते विचारा. नमुना ८ चा उतारा, वीजबिल, सामानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वस्तीवर हल्ला झाला तर विम्याचा दावा करताना ॲट्रॉसिटीचा गुन्हा आणि त्या कायद्यातील मदत सोडायची नाही. जाळलेले घर सरकारी खर्चाने बांधून देण्याची तरतूद त्या नियमांत आहे. विमा आहे म्हणून तो हक्क कमी होत नाही.

पिठाची गिरणी, टेलरिंग, बँड, मंडप असा धंदा असेल तर ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. घरफोडी त्यात नसते, ती वेगळी घ्यावी लागते. ही पॉलिसी दुकानाच्या पत्त्यापुरती असते, हे साउंड सिस्टिमवाल्या पोरांनी नीट ऐका: १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रस्त्यावर फुटलेले स्पीकर त्यात धरले जाणार नाहीत. आणि मालाची किंमत निम्मी लावली तर भरपाईही त्या प्रमाणात कापतात. मुद्रा कर्ज घेताना बँक तुमच्या पैशाने विमा काढते आणि कागद स्वतःकडे ठेवते. प्रत मागा. दाव्याचे पैसे आधी बँकेच्या कर्जात जातात, उरले तर तुमचे, हेही त्यात लिहिलेले असते.

दावा नाकारला तर लेखी कारण घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबा, मग आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पीक विम्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जाते.

त्या समितीपुढे भूमिहीनांच्या वतीने कोणी जात नाही. निवेदने जातात ती पिकाच्या भरपाईची, शेतकरी संघटनांची. आपल्या संघटनांनी येत्या ग्रामसभांत तीन ठराव लिहून घ्यावेत असा माझा प्रस्ताव आहे: बटईदाराला नोंदणीकृत कराराऐवजी ग्रामसभेच्या दाखल्यावर पीक विमा मिळावा, शेतकरी अपघात योजनेत शेतमजुराचा समावेश व्हावा, आणि १९९१ च्या निर्णयाखालील गायरानधारकांची यादी तलाठ्याने ग्रामसभेत वाचून दाखवावी. पहिल्या दोन ठरावांवर सचिव म्हणेल की हे आमच्या अधिकारात नाही. तरीही इतिवृत्तात घ्यायला लावा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून ठेवा.