आधी मोजा, मग विसार द्या!

‘घर पहावं बांधून अन् लग्न पहावं करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते: जागा पहावी मोजून! कारण घर घेताना आपली माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, दाराची दिशा बघतात, वास्तुतज्ज्ञालाही बोलावतात. पण कागदावर लिहिलेली जागा आणि कुंपणाच्या आतली जागा एकच आहे का, हे टेप लावून बघणारा शंभरात एखादाच.

मित्रांनो, हा विषय ‘मोठ्यांचा’ म्हणून सोडून देऊ नका. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी येत्या पाच-दहा वर्षांत वडिलांच्या फंडातून किंवा आपल्याच पहिल्या कर्जातून जागा घेतली जाणार आहे. आणि घरात ‘इंजिनिअर’ आपणच असणार!

माझं म्हणणं सरळ आहे. हद्दीची चूक पैसे देण्याआधी सापडली तर ती चूक असते, पैसे दिल्यानंतर सापडली तर तो खटला असतो.

आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या घरी हेच झालं. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून जुनं घर घेतलं. खरेदीखतात ५ गुंठे, सातबाऱ्यावर नाव लागलं, पेढे वाटले. कंपाउंड घालायची वेळ आली तेव्हा सरकारी मोजणी केली, तर शेजाऱ्याची भिंत दीड मीटर आत! शेजारी म्हणतो, भिंत वीस वर्षांची आहे. विकणारा म्हणतो, मी होतं तसं दिलं. आता काका दर तारखेला कोर्टात जातात. यात वाईट माणूस कोणीच नाही, हीच तर गंमत आहे!

चुका येतात कुठून? पहिली म्हणजे सातबाऱ्यावरचा आंधळा विश्वास. सातबारा क्षेत्र किती आणि नाव कोणाचं ते सांगतो. ती जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत, ते सांगत नाही. त्यासाठी नकाशा लागतो. शिवाय सातबारा ही महसुलाची नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

दुसरी, एककांची. एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट. उताऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. एजंट दोन्हीला बिनदिक्कत ‘गुंठा’ म्हणतो. पाच गुंठ्यांत ६३ चौरस फुटांचा फरक, म्हणजे हॉस्टेलच्या खोलीचा एक कोपराच गेला की!

तिसरी, चतुःसीमेची. जुन्या खरेदीखतातला मजकूर नव्यात जसाच्या तसा उतरवला जातो. पूर्वेस रस्ता लिहिलेला असतो, प्रत्यक्षात तो उत्तरेला. पश्चिमेस ज्यांचं घर लिहिलंय ते गृहस्थ कधीच वारले. आणि भांडण लागलं की साधारणपणे क्षेत्रफळाच्या आकड्यापेक्षा स्पष्ट चतुःसीमेला जास्त वजन मिळतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

चौथी, झेरॉक्सची. एजंटकडे असते ती लेआउटच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिचं माप कधीच बिघडलेलं असतं. मूळ नकाशा असला तरी १:१००० मापावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर होते. तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून हद्द ठरवू नये, लिहिलेली मापं वाचावीत.

आता सर्व्हेइंगच्या जर्नलमध्ये आपण जे डोळे मिटून उतरवलं ते आठवा. नुसत्या चार बाजू मोजून चौकोन पक्का होत नाही, कर्ण मोजावा लागतो! १० मीटर × १५ मीटरचा प्लॉट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सुमारे १८ मीटर येतात आणि क्षेत्र १५० चौरस मीटर. तोच प्लॉट कलून कोन ७५ अंशांचा झाला, तर बाजू त्याच राहतात, पण कर्ण १५.७ आणि २० मीटर होतात आणि क्षेत्र १४५ वर येतं. पन्नासेक चौरस फूट गायब, आणि चारही बाजूंचा टेप ‘बरोबर’! दुसरा धडा, पूर्णाकडून भागाकडे. आपला प्लॉट एकटा मोजू नका. लेआउटचा रस्ता, जुना हद्दीचा दगड, शेजारचे प्लॉट यांच्याशी जोडून बघा.

अर्थात आपला टेप म्हणजे फक्त शंका काढायचं साधन. निकाल सरकारी मोजणीचा. भूमी अभिलेख खात्याकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज जमीनधारकाने करायचा असतो, म्हणून खरेदीआधी तो विकणाऱ्याकडून करून घ्यावा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर हद्द दाखवतो आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. हल्ली अर्ज ऑनलाइन होतो, मोजणीला रोव्हर येतो. पण यंत्र कितीही अचूक असलं तरी ते जुन्या नोंदीचीच रेघ जमिनीवर आणतं. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते.

आणि खरेदी होऊन गेली असेल तर? खरेदीखतात गट नंबर, माप किंवा दिशा चुकली असेल तर दोन्ही बाजूंनी सही करून चूक दुरुस्ती दस्त नोंदवता येतो. पण त्याने लेखणीची चूक सुधारते, नवी जमीन मिळत नाही. विकणारा सहीला येत नसेल आणि फसवणूक किंवा दोघांची सारखीच चूक झाली असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम २६ खाली कोर्टात जावं लागतं. सातबाऱ्यातला लेखनप्रमाद, किंवा सर्व संबंधितांनी कबूल केलेली चूक, जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. शेजाऱ्याचं अतिक्रमण मात्र दुर्लक्ष करून मिटत नाही. उघडपणे आणि मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षं ताबा राहिला तर तो हक्कच सांगू शकतो.

बघा, प्रत्येक वाटेवर समोरच्याची सही किंवा कबुली लागते, नाहीतर कोर्ट. विकणारा सहीला सर्वांत तयार केव्हा असतो? पैसे मिळायच्या आधी!

यावर लोक म्हणतात, “वकील बघतो की सगळं.” वकील कागद तपासतो, तो टेप घेऊन कुंपणापर्यंत जात नाही. “मोजणीला वेळ लागतो, तोवर दुसरं गिऱ्हाईक येईल.” खरं आहे, तसं होतंही. मग निदान विसार पावतीत लिहून घ्या की किंमत मोजणीत भरेल त्या क्षेत्राप्रमाणे, आणि हद्दीचा वाद निघाल्यास तो विकणाऱ्याने आधी मिटवायचा. यालाही तो नकार देत असेल तर त्या नकारातच उत्तर आलं! “शेजाऱ्याशी वाईटपणा नको.” अहो, मोजणीच्या दिवशी त्यांनाही चहाला बोलवा. पहिल्या दिवशीचा अवघडपणा वीस वर्षांच्या अबोल्यापेक्षा स्वस्त पडतो.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातलं खरेदीखत बाहेर काढा. शेवटच्या पानावरची मापं वाचा, टेपचं एक टोक वडिलांच्या हातात द्या आणि दोन कर्ण मोजून बघा. बरोबर आले तर चहा प्या. नाही आले, तर शेजारी अजून बोलतोय तोवर विषय काढा.